रिपोर्ट रक्ताचा, निकाल बाईचा

गेल्या श्रावणात नागपुरातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या जिन्याखाली मी एका तरुण मुलाशी बोलत उभी होते. त्याची आई वर वॉर्डात होती. वय सत्तेचाळीस. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहणारी, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेऊन घर चालवणारी बाई. मंगळवारी सकाळी पीठ मळता मळता तिचा उजवा हात गळून पडला, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. शेजारणी म्हणाल्या, उपास आहे, चक्कर आली असेल, साखरपाणी द्या. घरात निर्णय घेणारे पुरुष कामावर. रात्री आठला ती दवाखान्यात पोचली. मेंदूच्या नळीत अडकलेली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

चौथ्या दिवशी मुलाच्या हातात रक्ततपासणीचा कागद पडला. दोन-तीन आकड्यांपुढे वर तोंड केलेले बाण. डॉक्टर घाईघाईत म्हणून गेले होते, "मार्कर्स वाढलेले आहेत, सुधारणा कमीच दिसते." मुलाने तो कागद माझ्यापुढे धरला. "ताई, म्हंजे माय आता काही उठत नाही ना? मंग त्या व्यायामवाल्याले रोजचे पैसे कायले द्यायचे?"

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा वर्षे वस्त्यांमधून काम केलेली कार्यकर्ती. मी काय म्हणाले? म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तर तसंच असेल. घरी न्या, सेवा करा."

त्यांनी तिला घरी नेले, तिथून गावी नेले. तीन महिन्यांनी मी तिथे गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. बोटे आत वळून घट्ट झालेली, खांदा जखडलेला, माकडहाडापाशी जखम. तिला उठवून बसवायचे कसे, हे घरात कोणालाच कोणी दाखवले नव्हते. रिपोर्टाने सांगितले होते की ती उठणार नाही, आणि ती उठली नाही. भाकीत खरे ठरले. पण ते आपोआप खरे ठरले, की आम्ही सगळ्यांनी मिळून ते खरे करून दाखवले?

त्याच वॉर्डात त्याच आठवड्यात एक ऑटोचालक होता. वय बावन्न. त्याच्याही कागदावर बाण वरच होते. त्याच्या घरचे म्हणाले, "घरचा कर्ता आहे, प्रयत्न तर करावाच लागेल." बायकोने चार घरची पोळ्यांची कामे सोडली. सोनाराकडे डोरले गेले, व्यायाम शिकवणारा घरी येऊ लागला. पाच महिन्यांनी तो काठी धरून चालायला लागला. त्याची बायको आता वाकूनच चालते. ती मला म्हणाली, "ताई, त्याईच्या रगताचा कागद सारेच पाह्यतेत, माह्या कंबरेचा कागद कोनी काहाडत नाही."

दोघांच्या कागदांवर बाण सारखेच, निर्णय मात्र दोन. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. रक्ताचा रिपोर्ट काहीही सांगो, निकाल लागतो तो त्या माणसाच्या घरातल्या किमतीवर. बाईबद्दलचे वाईट भाकीत म्हणजे तिच्यावरचा खर्च बंद करण्याचा परवाना. पुरुषाबद्दलचे भाकीत, चांगले असो वा वाईट, म्हणजे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला दिलेला हुकूम.

रक्तातले खुणेचे पदार्थ

ज्याला आपल्याकडे लकवा म्हणतात, त्यातले बहुतेक झटके मेंदूला रक्त पोचवणारी नळी गुठळीने बंद झाल्यामुळे येतात. त्याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. उरलेल्यांत नळी फुटून रक्तस्राव होतो. रक्त न मिळालेल्या भागातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातली प्रथिने रक्तात झिरपतात. शिवाय शरीरात दाह वाढतो, हृदयावर ताण येतो, त्याचेही पदार्थ रक्तात वाढतात. एस-१००-बी, एन.एस.ई., न्यूरोफिलामेंट, कोपेप्टिन, इंटरल्यूकिन-६, सी.आर.पी., एन.टी.-प्रो-बी.एन.पी. अशी ही लांबलचक यादी आहे. या पदार्थांची पातळी मोजून रुग्ण तीन महिन्यांनी कितपत सावरेल हे आधीच सांगता येईल का, याचा शोध गेली अनेक वर्षे जगभर चालू आहे.

हा शोध आपल्यापासून दूर नाही. बजाजनगरातल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये यावर गंभीर काम झालेले आहे. २००९ साली तिथल्या राजपालसिंग कश्यप आणि सहकाऱ्यांनी आय.टी.आय.एच.-४ नावाच्या प्रथिनावर निबंध प्रसिद्ध केला. झटक्यानंतर हे प्रथिन रक्तातून खालावते आणि रुग्ण सुधारू लागला की परत दिसू लागते, असे त्यांना आढळले. आपल्या शहरातल्या प्रयोगशाळेत असे काम व्हावे याचा मला अभिमानच आहे. माझे भांडण संशोधकांशी नाही. प्रयोगशाळेतली खूण वॉर्डात येऊन निकाल बनते, तिथे माझे भांडण सुरू होते.

कारण विज्ञान स्वतः असा निकाल देत नाही. एडिंबरोच्या विल्यम व्हाइटली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. डझनावारी पदार्थांचा वाईट परिणामाशी संबंध दिसतो, पण रोजच्या उपचारात वापरावा इतका भरवशाचा एकही नाही, असा त्याचा सूर होता. २०१२ साली त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. रुग्णाचे वय आणि झटक्याची तीव्रता या दोन गोष्टी माहीत असतील, तर इंटरल्यूकिन-६ किंवा एन.टी.-प्रो-बी.एन.पी. मोजून भाकितात पडणारी भर अगदी थोडी असते. म्हणजे खाटेजवळ उभे राहून डोळ्यांनी दिसते, त्यापेक्षा फार जास्त हा कागद सांगत नाही. न्यूरोफिलामेंटवर पुढे बरेच काम झाले आहे, पण वय आणि मूत्रपिंडाचे काम यांनीही त्याची पातळी बदलते. आणि कोणताही आकडा शंभर जणींबद्दल काही सांगू शकतो. तुमच्या समोरच्या एका बाईबद्दल तो शपथ घेऊ शकत नाही.

याउलट एक साधी तपासणी पाहा. २०१० साली नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेला अभ्यास आहे. झटक्यानंतर ७२ तासांच्या आत ज्यांना लुळा पडलेला खांदा थोडा उचलता आला आणि बोटे थोडी उघडता आली, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमले नाही त्यांची २५ टक्के. या तपासणीला सुई लागत नाही, पैसा लागत नाही. आणि दुसरा आकडा पुन्हा वाचा. सर्वांत वाईट भाकीत असलेल्या गटातही चारांपैकी एकाचा हात काही प्रमाणात परत आला. माझ्या पापडवाल्या बाईला त्या एकात बसण्याची संधीच आम्ही दिली नाही.

रक्त कोणाचे तपासले?

हे सगळे अभ्यास रुग्णालयात पोचलेल्यांच्या रक्तावर होतात. मग रुग्णालयात पोचते कोण?

नागपूरहून गडचिरोली काही तासांच्या रस्त्यावर आहे. तिथे 'सर्च' संस्थेचे डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत १५९९ मृत्यू झाले होते, त्यांपैकी २२९ लकव्याने. म्हणजे दर सातांतला एक. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लकवाच होते. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मरणाऱ्यांत बाया जवळजवळ निम्म्या होत्या. आणि ८७ टक्के मृत्यू घरी झाले.

घरी! म्हणजे रक्ताचा नमुना काढण्याचा प्रश्नच आला नाही. गावाच्या मरणनोंदीत बाई निम्मी असते. शहराच्या रुग्णालयातल्या अभ्यासांच्या तक्त्यात मात्र पुरुषांची संख्या ठळकपणे जास्त असते. मधली बाई कुठे गेली? ती खाटेवरच राहिली. जी पोचते तीही माझ्या बाईसारखी उशिरा पोचते. आणि पोचल्यावर? २००९ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन बाईला मिळण्याची शक्यता पुरुषापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी निघाली. ही तर बहुतेक श्रीमंत देशांची गत.

मग ज्या आकड्याच्या वर 'वाईट' आणि खाली 'बरे' असे ठरवले जाते, ती रेघ कोणाच्या रक्तावरून आखली? एन.टी.-प्रो-बी.एन.पी. निरोगी बायांतही पुरुषांपेक्षा जास्त असते. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या आहेत, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. विदर्भात सिकलसेल घरोघरी आहे, आणि सिकलसेलने स्वतःच लकवा येऊ शकतो. दाहाचा आकडा तर साध्या लघवीच्या संसर्गानेही वाढतो. अशा बाईच्या कागदावरचा बाण मेंदूबद्दल बोलतो आहे की तिच्या आयुष्यभराच्या उपासमारीबद्दल, हे वेगळे करून कोण पाहणार?

मोजपट्टीला न दिसणारी बाई

'सुधारणा' म्हणजे काय, हेही आपण विचारले पाहिजे. जगभर यासाठी शून्य ते सहा अशी एक मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काही त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सतत शुश्रूषेची गरज असलेला. वाक्य नीट पाहा. गरज आहे, पण ती भागवणारी त्या वाक्यात नाही. तिला व्याकरणातही जागा नाही. दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामे जमत नाहीत, पण स्वतःचे व्यवहार पाहता येतात, आणि बहुतेक अभ्यासांत तो 'चांगला परिणाम' धरला जातो. पुरुष दोनवर आला की घर आनंदते. बाई दोनवर आली आणि तिला कणीक मळता येत नसेल, तर घरच्या हिशेबात ती पाचवरच असते.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करत होत्या आणि त्या रोज १४० मिनिटे त्यात घालवत होत्या. पुरुषांत हेच प्रमाण २१ टक्के आणि ७४ मिनिटे. हा साऱ्या घरांचा हिशेब झाला. घरात लकव्याचे माणूस असेल तर मिनिटे मोजायला वेळ तरी कुठून मिळणार?

याच बिनमोल श्रमावर आपल्या देशात एक मोठा प्रयोगही झाला. फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्या माणसांनाच शिकवावे, या विचाराने १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ साली आले. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना शिकवले, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, ४७ टक्के. घरच्यांना शिकवू नये असा मी याचा अर्थ काढत नाही. माझ्या बाईच्या घरी कोणी शिकवले असते तर पाठीची जखम तरी टळली असती. पण घरच्या बाईचे हात हे शिकलेल्या थेरपिस्टला पर्याय म्हणून वापरता येत नाहीत, एवढे यातून नक्की दिसते. 'फॅमिली' हा शब्द आपल्याकडे नेहमी स्त्रीलिंगी असतो, हे धोरण आखणाऱ्यांनी एकदा मान्य करावे.

हे आपण आधी पाहिले आहे

जुन्या मैत्रिणींना गर्भजलपरीक्षेचा लढा आठवत असेल. तेव्हाही आपल्याला सांगितले गेले की तंत्र तटस्थ असते, ते फक्त माहिती देते. त्या माहितीचे आपल्या घरांत काय झाले हे आपण पाहिले, म्हणून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. ही दोन तंत्रे एक नव्हेत. रक्ताची ही तपासणी कोणाचा जीव घेण्यासाठी शोधलेली नाही. पण धडा तोच आहे. जिथे बाईची किंमत आधीच ठरलेली आहे, तिथे तिच्याबद्दलची कोणतीही आगाऊ माहिती तटस्थ राहत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. एका डॉक्टर मैत्रिणीने विचारले, "मग काय खोटी आशा द्यायची? लोक शेत विकतात, कर्जात बुडतात, त्यांना खरे सांगायचे नाही?" सांगायचे. ऑटोवाल्याच्या बायकोलाच ते सर्वांत आधी सांगायला हवे होते, कारण तिचेच काम सुटले, तिचेच डोरले गेले. तिला कोणी बोलावून बसवलेही नाही. भाकीत ऐकण्याचा हक्क जिला राबायचे आहे तिचा आहे, आणि शुद्धीवर असेल तर त्या रुग्ण बाईचा स्वतःचा आहे. माझी बाई बोलू शकत नव्हती, पण तिला सगळे कळत होते. तिच्या उशाशी उभे राहून आम्ही तिच्याबद्दल बोललो. तिने मान भिंतीकडे वळवली ती बहुधा त्याच दिवशी.

आणि रक्ततपासणीला माझा सरसकट विरोध नाही. नळी बंद झाली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय ठरत नाही, आणि सीटी स्कॅन तालुक्याला नसतो. रक्तस्रावात जी.एफ.ए.पी. नावाचे प्रथिन रक्तात झपाट्याने वाढते. उद्या त्यावरून भामरागड-सिरोंच्याच्या दवाखान्यात अंदाज बांधून रुग्णाला योग्य ठिकाणी लवकर पाठवता आले, तर मी त्या तपासणीसाठी मोर्चा काढीन. उपचार जवळ आणणारी तपासणी आम्हांला हवी. उपचार नाकारायला कारण पुरवणारी नको. आज गुठळीचे इंजेक्शन देण्याआधी सक्तीची म्हणावी अशी रक्ताची तपासणी एकच मानली जाते, ती साखरेची. बोटाला टोचून कोणतीही आशाताई ती करू शकते.

आपण काय मागायचे

पहिली मागणी: रक्तातल्या कोणत्याही आकड्यावरून कोणाचाही फिजिओथेरपीचा, वाचा-उपचाराचा हक्क कापला जाऊ नये. भाकीत वाईट असेल तर निदान जखम होऊ नये, सांधे जखडू नयेत, गिळताना ठसका लागू नये, यासाठीचे उपचार तरी प्रत्येकीला मिळालेच पाहिजेत.

दुसरी: राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात २०१० साली कर्करोग आणि मधुमेहाबरोबर पक्षाघातही घातला गेला. तो प्रत्यक्षात तालुक्यात यावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा आणि त्याने घरी जाऊन भेट द्यावी. आरोग्य योजनांचा पैसा रुग्णालयाच्या खाटेपाशी संपतो. लकव्याचा खरा खर्च तिथून सुरू होतो.

तिसरी: आपल्या भागात होणाऱ्या प्रत्येक अभ्यासात बाया किती, त्या किती तासांनी पोचल्या, त्यांना घरी कोणी सांभाळले, हे छापले जावे. सांभाळणारीची कंबर, तिची बुडालेली मजुरी हाही 'परिणाम' म्हणून मोजावा.

चौथी आपली आपल्यालाच आहे. आपल्या बचत गटात, महिला मंडळात पुढच्या बैठकीत एवढे तरी शिकू या: तोंड वाकडे, हात गळाला, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहायचे. साखरपाणी नाही, उपासाचे कारण नाही, घरचा पुरुष येण्याची वाट नाही, कबुतराच्या रक्ताचे मालिश नाही. १०८ ला फोन. बाईला दवाखान्यात न्यायला बाईची परवानगी पुरे.

त्या गावी मी आता महिन्यातून एकदा जाते. फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी बरोबर येते. बाईची बोटे अजून उघडलेली नाहीत, बहुधा उघडणार नाहीत. तीन महिने कोणासाठी थांबत नाहीत. पण पाठीची जखम भरली आहे, आणि ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसते. मागच्या खेपेला सुनेने पापडाचे पीठ तिच्यापुढे ठेवले, तेव्हा तिने डाव्या हाताने ते चाचपून पाहिले आणि मान हलवून 'घट्ट आहे' असे सांगितले.

हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नव्हते. मीही ते वाचायला शिकले नव्हते. पुढच्या वेळी कोणी बाणांचा कागद पुढे केला, तर मी आधी विचारीन: हिला कोणी बसवले का? हिला स्वतःला विचारले का? आणि हिच्याजवळ रात्री कोण जागते आहे? तुम्हीही विचारा.